मिलिंदच्या पँटी आणि माझं लुगडं

माझा थोरला मिलिंद मॅट्रिकला गणितात नापास झाला, म्हणून त्याच्या बापानं त्याच्या सगळ्या पँटी ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो, हे रेल्वेतच खलाशी. निकाल लागल्यापासून पोरगं ना जेवायचं, ना बोलायचं. भिंतीकडे तोंड करून पडायचं. "इथून गाडीत बसलं की पार हैदराबाद," हे म्हणाले. "पँटच नसल्यावर जाईल कुठं?" स्वतःची धोतरंही आत टाकली, किल्ली करदोट्याला बांधली आणि ड्युटीवर गेले. पोराच्या मनाला लागलेलं, आणि इलाज काय, तर कमरेला टॉवेल. (हा इलाज यांना एकट्यालाच सुचला. कुणाची मदत लागली नाही.)

मग समजावणारे आले. माझे धाकटे दीर दारातच बाज टाकून राखणीला बसले. भाऊजी मॅट्रिकला तीनदा बसून तीनदा आपटलेले, त्यामुळे या विषयात घरातले सगळ्यात जाणकार. "मिल्या, गड्यासारखं ऱ्हावं," असं ते टॉवेलातल्या पोराला सांगायचे.

शेजारच्या क्वार्टरात यांच्या आत्याबाई. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव गेले, पण आत्याबाईंच्या दृष्टीच्या मिरच्या काही गेल्या नाहीत. ओवाळून चुलीत टाकायच्या, आणि धुरानं सगळ्यांचे डोळे गळायला लागले की म्हणायच्या, "बघा, कशी नजर निघायलीय." पोराला उठून बाहेर जायची सोय नव्हती. टॉवेल!

आणि मी? मी या सगळ्या शहाण्यांना चहा देत होते. पोराला एक शब्द विचारायची माझी छाती नव्हती. मुळात मी कुणाशीच बोलत नसे. चारचौघांत पदर नाकापर्यंत ओढायचा आणि मान हलवायची, एवढंच माझं बोलणं. भाऊजींनी माझा चेहरा नीट पाहिला असेल की नाही, शंकाच आहे.

एका दुपारी मी मागे भांडी घासत होते. मिलिंदनं दोरीवरचं माझं हिरवं लुगडं ओढलं आणि नेसला. नऊवारी नेसणं मॅट्रिकच्या गणितापेक्षा अवघड आहे. ते त्याला पहिल्या झटक्यात जमलं. पदर नाकापर्यंत घेऊन तो सरळ पुढच्या दारानं निघाला.

बाजेवरून भाऊजी म्हणाले, "वैनी, येताना पान आणा."

लुगड्यानं मान हलवली.

नळावर आत्याबाईंनी अडवलं. "पोरगं वाळायलंय, अन् तू लय गप हायस बाई. माय हायस का खांब?"

लुगड्यानं तिथंही मान हलवली. आत्याबाईंचं समाधान झालं.

जरा वेळानं मी हात पुसत पुढच्या दारी आले. भाऊजी ताडकन उठले. "वैनी, तुमी आत्ताच तर गेलात."

मी मान हलवली. मला दुसरं येतंय काय?

"मंग आत कवा आलात?"

त्यांनी "आत्या!" म्हणून बोंब ठोकली. त्यांची हाक ऐकून आत्याबाई मिरच्या घेऊन धावत आल्या आणि या वेळी भाऊजींवरून ओवाळायला लागल्या. तेवढ्यात हे ड्युटीवरून आले. मी खोलीकडे बोट दाखवलं. पोरगं नव्हतं. यांनी काय करावं? ट्रंक उघडली आणि पँटी पाहिल्या.

"सगळ्या हायत," हे म्हणाले. "म्हंजी गेलं न्हाई. असंल इथंच."

दोरीवरचं लुगडं गेलंय, हे एवढ्या जाणत्यांत फक्त मला दिसलं. मी नदीकडे धावले. नदीकडेच का, ते लिहवत नाही.

मिलिंद काठावर बाभळीखाली बसला होता. पदर खांद्यावर, वर कोवळं मिसरूड. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही तोंडातून निघेना. मग नुसती शेजारी टेकले.

तोच म्हणाला, "माय, मला गणित येतंय. पेपर म्होरं आला की हात थरथरतेत. सगळं पांढरं दिसतंय."

"हं."

"सांगावं म्हनलं, तर ऐकायला कुणी थांबतच न्हाई. जो येतो तो समजावतो."

"हं."

"तू पळत आलीस, पर मला जिवाचं काई करायचं न्हवतं. कुणी समजावणार न्हाई अशा जागी बसायचं होतं."

दिवस बुडेस्तोवर तो बोलत होता, मी हं म्हणत होते. शेवटी म्हणाला, "भूक लागली." तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

परत येताना माझ्या पायात काटा मोडला. लोक पाहतील म्हणून मिलिंद पदर ओढून पुढे निघाला. मी लंगडत कोपऱ्यावर पोचले, तर अंधारात दारापुढे हे उभे. एकटेच. आणि समोरच्या लुगड्याशी बोलत होते.

"घावला का गं?" हे म्हणाले. "सारं स्टेशन पालथं घातलं मी. त्याच्याशी बोलाया जातो अन् तोंडातून शिव्याच निघतेत. पँटी लपवल्या, दुसरं काई सुचंनाच मला. पास हो नाईतर नको होऊ, घरात ऱ्हा म्हनावं. तू सांग त्याला. मला न्हाई जमत."

लुगड्यानं मान हलवली, आणि पदरानं नाक पुसलं.

मी कोपऱ्यावर एका पायावर उभी होते. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापाशी एवढं मन मोकळं केलं ते एकदाच, आणि नेमकी तेव्हा त्या लुगड्यात मी नव्हते.