डाळ न शिजणारं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकं लिहितो, चौकात उभा राहून लोकांना म्हणतो की खरं बोलायला भिऊ नका — आणि ही एक गोष्ट निघायची वेळ आली की मीच विषय बदलतो. आत्ता लिहितानाही दोनदा उठून दाराची कडी पाहून आलो. कुणाची भीती वाटते? शिपायांची नाही. ती असती तर बरं होतं.

शहराबाहेर धरणाच्या तलावावर संस्थानच्या दरबारच्या पाहुण्यांसाठी एक मोटार-लाँच होती. मी तिथे कारकून. इंजिन लाँचच्या पोटात बसवलेलं, आणि त्याला गार ठेवणारं पाणी इंजिनातच फिरत राहायचं. ते दर महिन्याला बदलावं लागे. इंजिन सांभाळायचे नूर मिस्त्री. पाणी आणवून बदलायचं काम माझं.

कुठलं पाणी, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शहरात लष्कर भागातल्या कारखान्यात झाकलेल्या हौदात पावसाचं पाणी साठवलेलं असे — तेच, दुसरं नाही. मी विचारलं, तलावाकाठच्या विहिरीचं पाणी तर किती गोड लागतं, ते का नको? ते हसले. "पंडितजी, ज़बान से मत पूछिए. अपनी अम्मा से पूछिए, उस पानी में दाल गलती है?" मी खरंच आईला विचारलं. ती म्हणाली, त्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत टणकच राहते. म्हणजे पाणी जड. तापलं की आत पांढरा थर धरणार, आणि इंजिनातल्या बारीक वाटा बुजणार.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे शब्दांची कसरत करीन.

हौदाचं पाणी आणायचं म्हणजे बैलगाडीबरोबर जायचं, पिंपं भरायची, गाडीच्या चालीनं परतायचं — अख्खा दिवस. आणि मला तो दिवस नया बाज़ारातल्या एका मागच्या खोलीत हवा असायचा. तिथे आमची दरबारविरोधी पत्रकं चोरून छापली जात. दिवाळीनंतर एका शुक्रवारी मिस्त्री नमाजाला गेले, तेव्हा मी विहिरीच्या चार बादल्या ओतल्या आणि सायकल काढली. काही झालं नाही. मग पुढच्या महिन्यात पुन्हा. मग पुन्हा. चैत्रापर्यंत पाच वेळा.

दरबारच्या चैनीची लाँच म्हणून मी मुद्दाम बिघडवली, असं सांगता आलं असतं. मित्रांनी पाठ थोपटली असती. पण तसं नव्हतं — कंटाळा होता, आणि माझं काम मोठं, मिस्त्रींचं हलकं, अशी एक घमेंड होती.

चैत्रातल्या त्या सकाळी लाँचवर पाहुण्यांच्या घरच्या बायका आणि लहान मुलं होती. मीही होतो. तलावाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बदलला. फळ्यांमधून वाफ यायला लागली, खाली पेट्रोलची टाकी, एक बाई मुलाला छातीशी धरून ओरडत होती — आणि मी? मी दांडा पकडून उभा. काय झालंय ते त्या लाँचवर फक्त मला कळलं होतं. मिस्त्री हाताला फडकं गुंडाळून खाली उतरले, इंजिन बंद केलं, पाण्याचं झाकण सैल करायला गेले. उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत.

चौकशीला आलेल्या दरबारच्या साहेबांनी इंजिन उघडवलं. आत नखाएवढा जाड पांढरा थर. पाणी कुठलं भरत होतात, म्हणून मला विचारलं. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता — त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मग खोलीची झडती, छापखाना, तुरुंग. म्हणालो, "मिस्त्री सांगतील तेच पाणी भरलं जातं, साहेब."

वाक्य किती जपून जुळवलं होतं, पाहिलंत?

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग बांधलेल्या हाताकडे. साहेबांनी ठपका त्यांच्यावर ठेवला; त्यांनी तो खोडला नाही. नोकरी गेली, राहायची खोलीही गेली. त्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. कुठल्याही कारखान्यानं त्यांना ठेवलं नाही.

आणि मग मी जे केलं ते त्याहून वाईट. मी त्यांच्यावर पत्रक लिहिलं. गरीब कामगाराचा हात भाजला आणि दरबारनं त्याला रस्त्यावर टाकलं — असं जळजळीत लिहिलं की नई सडकेवर लोक थांबून वाचत होते. माझं नाव झालं ते त्याच पत्रकानं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

ते घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. टोपी बाजारात मेव्हण्याच्या दुकानात ते डाव्या हातानं माल झटकत बसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच हिंदी करून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कागद माझ्याकडून घेऊन मांडीवर पसरला.

"अच्छा लिखा है, पंडितजी," ते म्हणाले. "बस, पानी की बात रह गई."

माझ्या तोंडून निघालं की कागदावर जागा उरली नव्हती.

पत्रकाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. त्यांनी त्यावरून सावकाश बोट फिरवलं, घडी घातली, आणि पत्रक मला परत दिलं.