शुक्रवारचे उखाणे

आम्ही गोधड्या शिवणाऱ्या बायका एकमेकींना मोबाईलवरच ओळखतो. कुणी तळा गावची, कुणी हरिहरेश्वरची, मी इथली खाडीकाठची. कापड पार्सलने घरी येतं, शिवलेली गोधडी तशीच परत जाते. पुण्याच्या एक बाई हे सगळं चालवतात. त्यांना आम्ही ताई म्हणतो.

मला हे काम आवडलं ते लांबूनच असल्यामुळे. माझा नवरा माणगावात दुसरीबरोबर राहतो. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबतं. ग्रुपमधल्या बायकांना मात्र माझे टाके माहीत, बाकी काही नाही.

ताईंना वाटायचं, बायका नुसतं काम करतात, एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी व्हिडिओवर बसायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आज कामाचं काही नाही. प्रत्येकीने एक उखाणा घ्यायचा. म्हणजे भीड मोडेल."



हरिहरेश्वरची मावशी वयाने सगळ्यांत मोठी. तिने लगेच सुरू केलं, "सुई चालते भरभर, दोरा संपतो वरचेवर," आणि नवऱ्याचं नाव घालून, "नेट जायच्या अगोदर" असं जुळवून टाकलं. सगळ्या हसल्या.

मग भाभीला सांगितलं. ती श्रीवर्धनची, मुसलमान, नवरा कुवेतला. म्हणाली, "आमच्यात असा काय न्हाय."

"घे गं," मावशी म्हणाली, "तो तिकडं कुवेतला, त्याला काय ऐकू येतंय."

भाभी हसली, ओढणी पुढे ओढली आणि हातातली गोधडी शिवायला लागली.

"आता तुम्ही," ताई मला म्हणाल्या.

नाव घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुंकू लावते, गळ्यात मंगळसूत्र आहे. नाव जिभेपर्यंत आलंही. तिथून पुढे सरेना. मी फोन बंद केला आणि नंतर ग्रुपवर लिहिलं, नेट गेलं.

मग घरात बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"नेट आलं का हो?"

"नेट होतं," मी म्हणाले. "मला नाव घ्यायचं नव्हतं. नवरा माझ्याजवळ राहत नाही."

हे मी तोंडाने कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. लोकांना न सांगताच कळलेलं.

ताई म्हणाल्या, "माझं चुकलं. मी कुणाला सांगणार नाही."

नाव सांगितलं नाहीच त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा आवाजातला मेसेज आला, "आपल्यातल्या एकीला अडचण आहे, म्हणून यापुढे उखाणे बंद." झालं. कोण गं? कसली अडचण? एकामागून एक विचारायला लागल्या. नेट कुणाचं गेलं होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं. मी एकच काठ शिवत होते आणि उसवत होते. वाटलं, हे काम सोडावं. दुसरीकडे कुठे मिळणार, तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात भाभी बोलली, "मीच बोलले व्हते ताईंना. आमच्यात चालत न्हाय."

"मग आधी सांगायचंस की," मावशी म्हणाली. "आमचा म्हातारा तर फुगलाय. म्हणतो, इतक्या वर्सांनी नाव घेतलंस."

तिथून बोलणं म्हाताऱ्यावर गेलं, ते परत माझ्याकडे आलं नाही.

मी भाभीला वेगळा फोन लावला. एकटीशी कधी बोलले नव्हते.

"भाभी, तुम्ही खरंच ताईंना बोलला होतात?"

"न्हाय."

"मग?"

"तुझा तोंड बघितला मी, फोन बंद करायच्या अगोदर."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "शुक्रवारी बस हां. मी एकटी काय करू त्यांच्यात?"

सांगितलं ते बरं केलं की नाही, अजून मनाशी ठरत नाही. उद्या शुक्रवार आहे. ताईंनी कळवलंय, हातातलं काम दाखवायचं, बोलायचं असेल तर बोलायचं. भाभीला बसते म्हणून सांगून बसले आहे.