टाळूचे टाके आणि चाळीचे डबे

घरात लेकराचं दुखणं आलं की शेजाऱ्यांचे डबे ओट्यावर जमायला लागतात, आणि डब्याडब्यामागं एकेक किस्सा. डबे ज्याचे त्याला परत गेले, किस्से मात्र माझ्याकडंच राहिले. आता सांगताना हसू येतं. तेव्हा हसू सुचत नव्हतं.

गोष्ट नव्वद सालानंतरची. आम्ही मराठवाड्यातून येऊन भाईंदर पूर्वेला, नवघरच्या एका चाळीत राहत होतो. आमचा सिद्धू अडीच वर्षांचा. त्याच्या टाळूला जन्मापासून चीर. प्यालेलं दूध नाकातून यायचं, बोलणंही सगळं नाकातून. शेवटी ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चावायचं काही द्यायचं नाही. चमचा तोंडात घालायचा नाही. फार रडू द्यायचं नाही. टाके उसवले तर पुन्हा ऑपरेशन!"

मी सातवी पास. पण सातवीच्या परीक्षेलासुद्धा मी एवढं घोकलं नव्हतं!

*

चमचा नाही, मग पाजायचं कशानं? आमचे मिस्टर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. त्यांनी एक छोटी वाटी आणली, काठ घासून गुळगुळीत केलेली.

मी काठावरून बोट फिरवलं. म्हटलं, "थोडं लागतंय."

दुसऱ्या दिवशी परत घासून आणली. मी ती स्वतःच्या ओठाला लावून बघितली. "इथं जरासं लागतंय बघा."

तिसऱ्यांदा वाटी हातात देत म्हणाले, "आता अजून घासली ना, तर वाटी उरायची नाही, नुसतं पॉलिश उरेल!"

*

चाळीच्या मालकीणबाई म्हणजे मावशी. नवघर गावातल्याच, जुन्या आगरी घरातल्या. एकदा ताज्या बोंबलाचं कालवण घेऊन आल्या.

मी घाबरले. "मावशी, काटा असंल की."

"बोंबलाला कसला काटा गो! लोनी हाय लोनी!"

तरी माझा जीव राहीना. त्या गेल्यावर सगळं कालवण चहाच्या गाळणीतून गाळलं. एकदा गाळलं, परत गाळलं. मऊ भातात कालवून भरवलं, सिद्धूनं मिटक्या मारत खाल्लं. गाळणी मी राखेनं घासली, लिंबानं घासली.

सकाळी मिस्टरांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आज चहाला पाणी खाडीचं भरलंस का काय?"

*

डबा रिकामा परत देऊ नये, ही माझ्या आईची शिकवण. पण आमच्या घरात तेव्हा सगळंच पातळ!

समोरच्या खोलीतल्या कोकिळाबेननी मुगाचं ओसामण पाठवलं, म्हणजे डाळीचं फोडणी दिलेलं पाणी. डबा भरून होतं. सिद्धूपुरतं काढून ठेवलं आणि बाकीचं मावशीच्या कालवणाच्या डब्यात घालून परत केलं. मावशीकडं कोकिळाबेनचा एक डबा पडून होता. त्यांनाही तो रिकामा द्यायचा नव्हता! त्यांनी त्यात तेच ओसामण ओतलं आणि सांगितलं, "सिद्धूच्या आईनं केलंय, मुगाचंच हाय."

संध्याकाळी कोकिळाबेन दारात, कमरेवर हात.

"इतना बढिया ओसामण खुद बनाती है, तो मेरे पास से काहे को लेती है?"

*

सिद्धूची बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधले होते. हात काठीसारखे ताठ. मावशी म्हणायच्या, "पोर ट्राफिक पोलीस झालाय."

आणि भेटायला येणारा प्रत्येकजण आणायचा काय? बिस्किटं! एकदा मावशी आणि कोकिळाबेन येऊन बसल्या होत्या, तेव्हा कुणीतरी दिलेला पुडा मी लपवायच्या आधीच त्यानं फोडला. पण हात वाकतोय कुठं? बिस्कीट तोंडापर्यंत जाईना. त्याचा ओठ थरथरायला लागला. आता हा रडणार, टाके ताणणार!

तेवढ्यात त्यानं ताठ हात पुढं केला आणि बिस्कीट मावशीच्या तोंडात कोंबलं. मावशींनी मुकाट खाल्लं. तो हसला. मग दुसरं माझ्या तोंडात, तिसरं कोकिळाबेनच्या. नको म्हटलं की ओठ परत थरथरायचा. पुडा संपेपर्यंत आम्ही तिघी खात होतो.

पाणी पिऊन कोकिळाबेन हळूच म्हणाल्या, "आज मेरा अगियारस का, एकादशी का उपवास था."

*

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ज्या दिवशी पुठ्ठे सोडले, त्याच दिवशीची गोष्ट. सिद्धूपुढं दूधभात ठेवून मी स्टोव्हकडं वळले. मागं बघते तर त्याच्या नाकपुडीत पांढरं! भाताचं शीत.

भात नाकातून आला, म्हणजे टाके उसवले. मिस्टर कामावर. मावशींना हाक मारली, त्याला काखेत मारलं आणि रिक्षानं मीरा रोडला डॉक्टरांच्या दवाखान्यात. वाटेत मावशी सारख्या म्हणत होत्या, "काय होत न्हाय गो." पण माझा दंड त्यांनीच घट्ट धरला होता.

डॉक्टरांनी टॉर्च लावून तोंडात बघितलं. मग नाकात बघितलं. चिमट्यानं शीत काढलं आणि हसायला लागले.

"टाके पक्के आहेत. हे आतून नाही आलं, बाहेरून गेलंय! हात आजच सोडलेत ना?"

मी म्हटलं, "परत एकदा बघा ना, डॉक्टर."

त्यांनी परत बघितलं. माझं तोंड तसंच उतरलेलं होतं. मग त्यांनी खणातून काडेपेटी काढली. म्हणाले, "टाळूला भोक असलं की सगळा वारा नाकातून निघून जातो, फुंकर जमत नाही." काडी पेटवून लांबूनच सिद्धूसमोर धरली. "कर बघू, फूऽऽ!"

सिद्धूनं गाल फुगवले. काडी विझली.

"विझली गो बाय!" मावशी ओरडल्या.

मी नुसती त्या धुराकडं बघत राहिले.

"आता तरी पटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "अजून एक पेटवा ना."

डॉक्टरांनी काडेपेटीच माझ्या हातात दिली.