पाण्यातून बाहेर

मॅडमनी माझ्या मुलीचे केस हुंगले. मुलुंडच्या क्लबात, तलावाच्या काठावर, सगळ्यांसमोर. समीक्षा चौदा वर्षांची, पोहण्याच्या कपड्यांत अंग चोरून उभी. तिची वेणी उचलून मॅडमनी नाकाशी नेली. म्हणाल्या, "तेल नाही ना लावलं? तुमच्याकडे चोपडून लावतात. पाणी खराब होतं."

बाजूने मेंबरांच्या मुली धावत आल्या नि धपाधप पाण्यात पडल्या. त्यांचे केस कुणी हुंगले नाहीत. त्या फी भरणाऱ्या. समीक्षा योजनेतली. क्लब दरवर्षी वस्तीतली काही मुलं फुकट शिकवायला घ्यायचा, ती योजना या मॅडम बघायच्या. शाळेने महापालिकेच्या तलावावर नेलं होतं, तिथे क्लबात पोहणं शिकवणाऱ्या सरांनी तिला हेरलं.

मी काठावरच होते.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा वर नळ नव्हता. पोट पुढे आलेलं असतानाही खालून हंडे वाहिलेत. हंडे वाहता वाहताच बी.कॉम. केलं. माहेर-सासर दोन्हीकडची पहिली ग्रॅज्युएट मी. आज अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघते, मान वर करून बघते. आणि माझे सासरे, नाना, जालन्याकडच्या ज्या गावातून आले तिथे आमच्या माणसांनी विहिरीला शिवायचं नव्हतं. कुणी वरून ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायचं.

त्या नानांची नात पोहण्यात पदकं आणायला लागली. वस्तीतल्या बुद्धविहारात सत्कार झाला. गल्लीच्या तोंडाला बॅनर लागला, पाण्यातून डोकं काढलेला तिचा फोटो. नाना येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, "आमची नात." हे सगळं मॅडमच्या एका वाक्यावर फेकून द्यायचं? मी गिळलं.

वर्षातून एकदा क्लबाचा समारंभ. योजनेतल्या मुलांनी पाहुण्यांना फूल द्यायचं आणि माइकवर आभार मानायचे, अशी तिथली पद्धत. या वेळी समीक्षाची पाळी. मॅडमनी वाक्य पाठ करून घेतलं, "क्लब नसता तर मी आज कुठे असते?" वर म्हणाल्या, "आवाज जरा भरून येऊ दे."

त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "मम्मी, मला नाही पोहायचं."

"मॅडमचं काय मनावर घेतेस गं."

"मॅडमचं नाही. मला कंटाळा आलाय. पाण्यात उतरलं की कधी एकदा बाहेर येते असं होतं. मॅडम चांगल्या असत्या तरी सोडलंच असतं."

अपमान मला कळला असता. कंटाळा कळेना. कंटाळा आला म्हणून आमच्या घरात कुणी कधी काही सोडलेलं नव्हतं. तशी सोयच नव्हती.

घरात विषय काढला तर नाना कडाडले, "ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्यातून पोरीला बाहेर काढतेस?" नवरा म्हणाला, "तू बघ काय ते." शेजारीण म्हणाली, "बॅनरचं काय मग?" मी पोरीला पाठवत राहिले. सकाळी ती बॅग मांडीवर घेऊन पलंगावर बसायची. रडायची नाही. नुसती बसायची. आणि मी दार उघडून उभी. ती बाहेर पडेपर्यंत मला हलता येत नसे.

मग एक दिवस तिचं नाव काढायचं ठरवून तिला घेऊनच सरांकडे गेले. आमच्या आधी एक मेंबरबाई बोलत होत्या. "सर, रिया नाही येणार यापुढे. तिला गिटार शिकायचीय आता."

सर हसले. "चालतंय ना. मुलांचे मूड असतात. परत वाटलं तर पाठवा."

मग मी सांगितलं. तेच. माझीही मुलगी यापुढे येणार नाही.

सरांचा चेहरा बदलला. "हे असंच होतं बघा. तुम्हा लोकांना वर आणायला जावं, तर टिकत नाहीत."

मॅडम तिथेच होत्या. "समारंभापर्यंत तरी थांबवा. भाषण तिचंय."

समीक्षा खाली बघत होती. ती मान खाली घातलेली मला बघवेना.

मी म्हटलं, "रियाला मूड आहे. माझ्या मुलीलाही आहे. ती उद्यापासून येणार नाही. भाषणालाही नाही."

"उपकारांची ही जाण?" मॅडम म्हणाल्या.

"मेहनत तिने केली. पदकं तुमच्या काचेच्या कपाटात आहेत. राहू द्या."

बाहेर आलो.

घरी नाना तोंड फिरवून बसले. मी समोर जाऊन म्हटलं, "नाना, विहिरीवर जायचा हक्क मिळवला तो जन्मभर विहिरीतच उभं राहायला का?"

लोक विचारतात, मग आता काय करते पोरगी? त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. दुसरा खेळ, कसली तरी परीक्षा. तसं काही नाही. दहावीला आहे. मार्क बरे पडतात. संध्याकाळी मैत्रिणींसोबत नाक्यावर उभी राहून खिदळते.

आमच्या पोरांनी सतत काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर सगळ्या समाजाचं नाक कापलं जातं. ही अट तिच्यावरून मी काढली. ती परत कुणाला लावू देणार नाही. क्लबाला नाही, नानांना नाही, उद्या माझं मन फिरलं तर मलाही नाही.

माझ्या मुलीने पोहणं सोडलं. तिला नको होतं म्हणून.