भुवई उंचावलेलं मडगार्ड

"काका, माणसं आता गाडी रस्त्याच्या पलीकडून बघतात. तिथून उठून दिसली पाहिजे."

"आणि जवळ आल्यावर काय दिसलं पाहिजे? तुझं तोंड?"

वर्कशॉपच्या पत्र्याच्या भिंतीमागे मी चादरी वाळत घालत होते. बोलणारा पहिला माझा थोरला मुलगा, दुसरा माझा धाकटा दीर. पत्र्याला कान असतात म्हणतात, मला तर ते दोघं माझ्याच खांद्यावर उभं राहून भांडतायत असं वाटलं.

"मी म्हातारीला तरुण करतोय, तुम्ही तिला नुसती जिवंत ठेवता."

"म्हातारीला तरुण करू नये रे. तिला फक्त चालता आलं पाहिजे."

हे मी माझ्यावर घेऊ की गाडीवर, ते मला कळेना. चादरीला चिमटे लावून मी आत आले. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

गाडी होती चष्म्याच्या दुकानवाल्यांची. त्यांच्या वडिलांची, चाळीस-बेचाळीस वर्षांची, गोल पाठीची. त्यांना ती पुन्हा रस्त्यावर हवी होती. माझ्या मुलाने कॉम्प्युटरवर तिचं चित्र काढलं होतं. रुंद चाकं, जमिनीला टेकलेलं पोट, पांढरे झगझगीत दिवे आणि चाकांवर फुगवलेले नवे मडगार्ड. दिराचं म्हणणं, इंजिन नवं घाल, ब्रेक नवे घाल, गारव्याचं मशीनही बसव, माझी ना नाही. पण पत्र्याला हात लावायचा नाही. शेवटी चष्मेवाल्यांनी दोघांच्या मध्ये रेघ मारली, आतलं पुतण्याचं, बाहेरचं काकाचं.

दिराला सगळे ठोक्या म्हणत. सकाळी आठला त्याचा लाकडी हातोडा सुरू झाला की शेजारच्या बायका घड्याळ लावायच्या. हे काम त्याला आमच्या ह्यांनी शिकवलं. हे गेले, दुकान मुलाकडे आलं, आणि ठोक्या म्हणजे भिंत आधी हाताने चाचपून मग खिळा मारणारा माणूस, तो तसाच राहिला. लग्न केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "वहिनी, मला बाई नको. पोचा आला तर काढता येणार नाही."

त्याचा एक नेम होता. गाडीचा जो भाग कारखान्यातून जसा आला तसा शाबूत आहे, त्याचा रंगसुद्धा खरवडायचा नाही. त्याच्याकडे बघून उरलेलं करायचं. म्हणायचा, मूळ हे गुरू असतं, गुरूचे कपडे काढून बघत नाहीत.

या गाडीचं डावं मडगार्ड गंजून चाळणी झालेलं, त्याचा आकारही उरला नव्हता. उजवं धडधाकट. त्या उजव्याला दिव्याच्या वर जरासा उठाव होता, एखाद्या शिष्ट बाईने भुवई उंचावावी तसा. ठोक्या त्या उठावाच्या प्रेमात पडला. "वहिनी, हिची सगळी ऐट इथे आहे. आता असं कोण घडवतं?" सात महिने तो सपाट पत्रा ठोकत होता. चार वेळा बिघडला, चार वेळा नवा घेतला. पाचव्यांदा डावी भुवई उजवीसारखी उठली. पुतण्यालाही म्हणावं लागलं, "काका, हे मात्र मला जमलं नसतं." ठोक्या त्या दिवशी दोनदा जेवला.

मग रंगाची वेळ आली. दोन्हीकडे रंग एकसारखा धरायचा तर उजव्याचा जुना रंग काढणं भागच होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो त्या मडगार्डासमोर पाटावर बसलेला होता. हातातली खरवडणी खाली ठेवलेली.

"वहिनी, बघा बरं हे."

उठावाच्या खालून पितळी रंगाची एक रेघ गेली होती, टाके घातल्यासारखी.

"काय आहे ते?"

"मी आहे."

मला कळायला वेळ लागला. मडगार्ड मोडलेलं होतं आणि पितळेच्या सळईने जोडलेलं होतं. असे छोटे छोटे टाके फक्त आमच्या दुकानात घालायचे, आमच्या ह्यांनी घालून दिलेली पद्धत. ठोक्या तेव्हा बावीस वर्षांचा होता. जोडताना पत्रा त्याच्या हातून वर ओढला गेला, आणि घाईत त्याने तो तसाच रंगवून दिला. हजार गाड्यांमध्ये ही एक. विसरला. भुवई कारखान्याची नव्हतीच. त्याच्याच कोवळ्या वयातली चूक होती, आणि तिला गुरू मानून त्याने सात महिने तिच्यासारखीच दुसरी चूक घडवली होती.

मी म्हटलं, "भावोजी, रंग लावून टाका. कोण बघतंय?"

माझ्या तोंडून गेलं खरं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की चहाचा कप मीच उचलला आणि परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी त्याने चष्मेवाल्यांना बोलावून स्वतः दाखवलं. ते म्हणाले, "हो, बाबांनी फाटकाच्या खांबाला ठोकली होती. मी लहान होतो."

"मला तीन महिने द्या," ठोक्या म्हणाला. "मूळ कसं असेल ते आता मला कळलंय. दोन्ही नवी करून देतो."

माझा मुलगा हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. "म्हणजे काका, मूळ मूळ करत तुम्ही स्वतःचीच पूजा करत होतात."

ठोक्या पाटावर बसून खरवडणी पुसत राहिला. चष्मेवाल्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मूळ राहिलंच नसेल तर मग कशाला अडायचं? चित्रातल्यासारखंच करा."

कटर मुलानेच हातात घेतला. पण काका बघतोय म्हणून की काय, रेघ बोनेटकडे सरकली. ठोक्या उठला. "सरक. कापायचंच आहे तर नीट काप." आणि दोन्ही भुवया त्यानेच कापल्या, आखून, सरळ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडाही तोच आणि गोतही तोच.

गाडी वाईट दिसत नव्हती, खोटं कशाला बोलू. पैलवानाने धाकट्या भावाचा सदरा घालावा तशी दिसायची. लोक थांबून फोटो काढायचे. मुलाकडे कामाची रीघ लागली, आणि सगळ्यांना फुगलेलं मडगार्ड हवं. ते तयार येतं, चिकटवायचं असतं. हातोड्याला काम उरलं नाही. मुलाने काकाला काढलं नाही, उलट खुर्ची दिली. खुर्ची दिली की माणूस संपला, हे मुलाला कोण सांगणार? मी आई आहे, मीही नाही सांगितलं.

एकदा मुलाने विचारलं, "काका, तुम्ही दाखवलंच नसतं तर?"

"तर आजही तुझ्याशी भांडत असतो. बरं झालं, घसा दुखायचा."

त्याने स्वतःच एक काम शोधलं. पॉलिशसाठी चिंध्या आणायच्या. जुन्या कपड्यांच्या दुकानातून सुती तेवढे निवडायचे, पिशवीत भरायचे, आणि पायरीवर बसून एकेक बटण, हूक, चेन उसवून काढायची. एक बटण राहिलं तर रंगावर ओरखडा. त्याच्या चिंध्यांनी कधी ओरखडा पडला नाही.

मागच्या मार्गशीर्षात तो झोपेतच गेला. आदल्या दिवशी चष्मेवाल्यांची गाडी पॉलिशला आली होती. मुलगा आतून म्हणाला, "काका, चिंध्या संपल्यात." ठोक्याने चपला घातल्या, पिशवी घेतली. अर्ध्या तासाने आला. ऊन होतं म्हणून मी पाणी दिलं, ते प्याला. मग पायरीवर, त्या गाडीकडे पाठ करून बसला आणि एका निळ्या शर्टाची सात बटणं काढली, बाह्यांची दोन काढली, कॉलरखालचं लपलेलं एक असतं तेही काढलं. शर्ट झटकून चौकोनी फाडला आणि आत नेऊन दिला.