बिजलीपासून तोंड लपवणारी माणसं

आमच्याकडे लोक येतात, मास्क लावून बसतात, पिशवीत फुंकर मारतात आणि जातात. काम एवढंच! पण जाताना प्रत्येक जण एखादा किस्सा मागे टाकून जातोच, आणि तो झाडून काढणं कुणाच्याच ड्यूटीत येत नाही. मग काय, साठले!

ग्वाल्हेरला शिंदे की छावणीत एका गादीवाल्याच्या दुकानावर आमचं छोटंसं सेंटर आहे. माणसाच्या श्वासावरून कॅन्सरचा सुगावा लवकर लागतो का, ते आम्ही बघतो. त्यासाठी पिशवीतला श्वास तपासणारं एक मशीन आहे आणि एक बिजली आहे. बिजली म्हणजे लॅब्रॅडोर कुत्री. लोकांनी घातलेले मास्क आम्ही स्टँडवर ओळीने लावतो, ती हुंगत हुंगत जाते आणि संशय आला की त्या मास्कसमोर बसते. ती बसली म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही हं! पुढे खऱ्या तपासण्या असतात. पण त्या वेळेत व्हाव्यात, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

बिजलीला शिकवलं जाधवकाकांनी. ते फौजेत कुत्र्यांचे ट्रेनर होते. आमच्या सगळ्यांच्या वर मोघेसर, तोंडाच्या कॅन्सरचे सर्जन. आणि मी मंजिरी, नमुने गोळा करणारी. या नोकरीत एक गोष्ट मला कळली. माणूस पोट दाखवील, पाठ दाखवील, पण तोंडाचा वास म्हटलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं त्याला.

*

सुरुवातीला आम्ही सराफ्यात कँप लावला. टेबल मांडलं, पिशव्या ठेवल्या. पहिलेच आले एक जाडजूड शेटजी. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, "भाईसाहब, इसमें ज़ोर से फूँकिए."

शेटजींचा चेहरा पांढराफटक! इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "बिटिया, कल शादी थी. बस थोड़ी सी ली थी. आज तो गाड़ी भी नहीं चला रहा, पैदल आया हूँ!"

मी समजावलं की हे पोलिसांचं नाही, कॅन्सरचं आहे. शेटजींनी असा सुस्कारा सोडला की काय सांगू! "अरे, कैंसर का है? तो पहले बोलतीं ना!" म्हणाले, आणि आनंदाने फुंकून गेले.

*

नमुना देताना नियम साधे आहेत. सकाळपासून खायचं नाही, मंजन नाही, सेंट नाही. आमच्या मराठी मंडळाच्या बायका यायच्या होत्या, तेव्हा मी फोनवर प्रत्येकीला बजावून सांगितलं.

सुलभामामी आल्या त्या केवड्याच्या घमघमाटात! तोंडात वेलची, पदराला अत्तर, आणि दात दोनदा घासलेले.

"मामी, सांगितलं होतं ना!"

"अगं, कुत्री झाली तरी परकीच ना? तिच्यासमोर पारोश्या तोंडाने कशी येऊ?"

घेतला मास्क. बिजलीने तो हुंगला आणि अशी शिंकायला लागली की थांबेचना! मामी दारातून बघत होत्या. त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. "मंजिरी, तुझ्या पाया पडते, हे बाहेर कुठे बोलू नकोस!"

मी बोलले नाही. मामींनी स्वतःच ते हळदीकुंकवात सगळ्यांना सांगितलं. पुढच्या खेपेला बायका पारोश्याच आल्या आणि एकमेकींपासून लांब लांब बसल्या.

*

मोघेसरांचा मराठीवर भारी जीव. घरातली मुलं हिंदी बोलतात याची त्यांना लाज वाटते, आणि ती लाज ते बोलूनही दाखवतात. एक दिवस जाधवकाकांना म्हणाले, "तुम्ही मराठे, मी मराठी, मग कुत्रीला 'ढूँढ' काय म्हणता? 'शोध' म्हणा!"

काकांनी म्हटलं, "बिजली, शोध!" बिजली आपली शेपूट हलवतेय. सर पुढे झाले, स्वच्छ मराठीत म्हणाले, "शोध गं बाळा." बिजलीने त्यांचा बूट चाटला.

काका खाली मान घालून म्हणाले, "सर, ही ऐकून नाही राहिली. माझे नातूही असेच आहेत."

सर रुमाल काढून बूट पुसायला लागले.

*

आता सरांचंच सांगते. भाषण करायला उठले की सर म्हणतात, "लाज सोडा! तोंडात फोड दिसला, पांढरा चट्टा दिसला, तर लगेच दाखवा. लाजून घरी बसलेला माणूसच माझ्याकडे उशिरा पोचतो." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आणि सरांच्या चष्म्याच्या घरात किमाम असतो, पानात घालायची तंबाखूची चटणी! ते ऑपरेशन संपवून आले की केबिनचं दार लोटतात, मग लवंगेचा वास येतो. आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हे सरांनाही माहीत आहे. बोलायचं कुणी?

एक दिवस मोघेकाकू आल्या. माझ्या टेबलाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंजिरी, त्यांचा एकदा मास्क घे ना गं. हल्ली पोळी आमटीत कुस्करून खातात. जांभई दिली तरी तोंड पुरतं उघडत नाही. परवा जरा तिखट लागलं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी."

"काकू, तुम्ही सरांना विचारलंत?"

"अगं, सगळा जन्म त्यांनी लोकांची तोंडं तपासली. त्यांना मी काय सांगू? मलाच कसंतरी होतं. तूच बघ काहीतरी."



*

आमच्याकडे स्टाफचे मास्कही लागतात, निरोगी माणसाचे म्हणून. सगळ्यांची पाळी येते, फक्त सरांची कधी येत नाही. कधी मीटिंग, कधी सर्दी, कधी पेशंट. मी धीर केला आणि मास्क सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, आज तुमचा नंबर!"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मास्ककडे बघितलं. "ठेव. देतो." आणि दार लोटलं.

थोड्या वेळाने मास्क सीलबंद होऊन बाहेर आला. स्टँडवर लावला. बिजली आली, हुंगली, पुढे गेली. पुढे गेली! मी तिथूनच काकूंना फोन लावला. काकू फोनवर रडल्या, आणि संध्याकाळी पेढे घेऊन आल्या. सर्वांना दिले. सरांनी पेढा हातात धरला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सरांचा ड्रायव्हर रामसेवक जिन्यात भेटला. म्हणाला, "दीदी, ये मास्क लगा के बैठने में तो दम घुटता है! साहब ने कल आधी छुट्टी का बोल के मुझे बिठा दिया."

एवढा मोठा माणूस आणि असलं काम! मला त्यांची लाज वाटली, आणि त्यांची लाज वाटतेय याचीही लाज वाटली. केबिनमध्ये गेले. टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. शेवटी म्हटलं, "सर, कालच्या मास्कचं लेबल चुकलंय वाटतं."

सर खिडकीतून खाली बघत होते. कान लाल झाले होते.

"चुकलं असेल," म्हणाले.

काकूंना फोनवर एवढंच सांगितलं, "परत घ्यावा लागेल." त्या समजल्या. मग म्हणाल्या, "लोकांना पेढे वाटून बसले गं मी. आता तोंड कुठे लपवू?"

*

यंदा गणपतीत मंडळाने गोरखी वाड्याजवळच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठेवला. गर्दी ही! पहिल्या रांगेत मोघेकाकू, शेजारी सुलभामामी. समोर स्टँडवर मास्क, जाधवकाका इस्त्रीच्या कपड्यांत आणि बिजलीच्या गळ्यात नवा पट्टा.

सर माइकवर छान बोलले. म्हणाले, "बिजली बरोबर जागी बसली तरच काका तिला बिस्किट देतात. चुकीच्या जागी बसली तर देत नाहीत. ती बरोबर आहे की चूक, हे मी सांगतो. कारण उत्तर मला आधीच माहीत असतं."

काका म्हणाले, "ढूँढ!" बिजली एकेक मास्क हुंगत गेली आणि बरोबर पेशंटच्या मास्कसमोर बसली. सरांनी मान डोलावली, बिस्किट मिळालं, टाळ्यांचा कडकडाट!

सर खूश होऊन मंचावरून खाली उतरले आणि बिजलीला थोपटायला वाकले. वाकून म्हणाले, "शाबास!"

बिजलीने नाक वर केलं. त्यांच्या तोंडाशी नेलं. हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि सरांच्या पायाशी बसली. अगदी ताठ, मास्कसमोर बसते तशी.

हॉलमध्ये हशा पिकला! "अगंबाई, डॉक्टरांनाच धरलं!" सुलभामामी ओरडल्या. मागून कुणी शिट्टी मारली. मी काकूंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती.

जाधवकाका घामाघूम! पट्टा ओढतायत, "चल बिजली, उठ! सर, माफ करा हो. ही फक्त मास्कसमोर बसते, माणसासमोर कधीच नाही. आज काय झालंय हिला!" बिजली हलेना. काका बिचारे लोकांकडे वळून हात जोडायला लागले, "चुकली हो, चुकली! याचं बिस्किट नाही!"

लोक अजून हसत होते. सर वाकलेले होते ते हळूहळू सरळ झाले. त्यांनी काकूंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. हातातला माइक तसाच तोंडासमोर होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"जाधव," सर म्हणाले, "बिस्किट द्या तिला."