दोन पोती तलाव

भद्रावतीहून सकाळची पहिली चंद्रपूर गाडी धरायची म्हणून मी अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पिशवीत दोन रिकामी पोती, प्लास्टिकचा कागद, मोजपट्टी आणि वही. जायची लाज मात्र वाटत होती. गडचिरोलीकडच्या ज्या बायांकडे मी पाणवनस्पतींची रोपं मागायला निघालो होतो, त्यांनी गेल्या पावसाळ्यात मला ती एकदा दिली होती आणि माझ्या हातून सगळी मेली होती.

आम्ही ढिवर, तलावावर जगणारे. आमच्या गावचा जुना तलाव कोळशाच्या खाणीत गेला. तिथे आता मातीचा डोंगर आहे. बदल्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा तलाव खोदून मिळाला. चौकोनी, काठ भिंतीसारखे सरळ. पाणी भरपूर, पण कमळ नाही, गवत नाही, पक्षी नाही. मासोळीला अंडी घालायला आडोसाच नाही, मग ती वाढणार कशी? माझे बाबा पहिल्या दिवशी काठावर उभे राहून म्हणाले होते, "पाणी हाये. तलाव नाई."

दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर बरं आणि शुद्धलेखन नीट म्हणून मच्छीमार सोसायटीचा सचिव मीच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही श्रमदानानं एका बाजूचा काठ तिरपा उतरता केला. रोपं लावायचं काम मी अंगावर घेतलं आणि फसलो. आता सोसायटीत ठरलं होतं की अजून एक पावसाळा बघायचा. या वेळीही रोपं जगली नाहीत, तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराला पाच वर्षांसाठी द्यायचा. म्हणजे आम्ही आमच्याच काठावर मजूर.

चंद्रपूरला गाडी बदलली. गडचिरोलीची गाडी मूल, सावली या गावांवरून जाते. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन लागत नाही. मूलच्या स्टँडवर तर्री पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, आधी चाखून बघा, मगच ओतून घ्या. पुढे जंगल लागतं, मग धानाची शेतं, मग वैनगंगेचा लांब पूल. पुलावर सगळी गाडी खिडकीशी वाकून नदी बघते. मी मात्र मनातल्या मनात 'पाऊस जास्त झाला हो बाई, रोपं वाहून गेली' असं एक वाक्य घोकत होतो. गडचिरोलीहून बायांच्या गावापर्यंत काळी-पिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, एवढा वेळ हाताशी ठेवा.

सुमनबाई या तिथल्या बायांच्या गटाच्या प्रमुख, वय साठीच्या आसपास. त्यांनी आधी जेवायला वाढलं. भात, मासोळीचा रस्सा आणि वास्त्याची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. पावसाळ्यात या भागात आलात तर ती चुकवू नका.

मग तलावावर गेलो. हा तलाव एकदा बेशरमच्या झुडपांनी पार गिळला होता. या बायांनी तीन उन्हाळे ती मुळासकट उपटली, कोरडा तळ नांगरला, हातानं गवतं आणि कमळं लावली. आता पानांवरून कमळपक्षी चालत होते आणि आमच्या चाहुलीनं अडई बदकांचा थवा शीळ घालत उठला. मी इतका वेळ बघत राहिलो की घोकलेलं वाक्य विसरलो. खरं तेच सांगितलं आणि वही उघडून लावणीचं चित्र दाखवलं. दोरी ताणून, एकाच ओळीत, वीतभर अंतर मोजून. धानाची रोवणी करतात तशी.

बाया आधी चित्राकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे, आणि मग हसत सुटल्या.

"वावर समजला काऊन तलावाले?" सुमनबाई म्हणाल्या. "रांगेत कोन उभं राह्यते पान्यात? बगळा?"

त्यांनी मोजपट्टी नि वही काठावर ठेवायला लावली आणि मला पाण्यात नेलं. "घोट्याले देवधान, गुडघ्याले हे फितीवानी गवत, कमरेले कमळ. पानी चढते, उतरते. एक बुडलं त दुसरं जगते. तुह्यं सारं एकाच पान्यात होतं, म्हनून सारं एकाच वक्ती मेलं."

देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानभात. ते मी लक्षात ठेवलं, पण एक शंका राहिली. "बाई, कोणाच्या कमरेला? तुमची कंबर खाली आहे, माझी वर."

"लावनाऱ्याच्या," त्या म्हणाल्या. मागे पुन्हा हशा झाला.

रोपं देतो म्हणाल्या, पण एका अटीवर. "जगली, अन् उद्या कोनी तुह्या दारात मांगाले आलं, त नाई म्हनायचं नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाया पाण्यात उतरल्या. गठ्ठे ओल्या पोत्यांत भरले, खाली प्लास्टिक घातलं. तरी एसटीत पाणी ठिबकलंच. कंडक्टर पायाशी बघून म्हणाला, "भाऊ, पोत्यात काय घेऊन चालले?" मी म्हटलं, तलाव. त्यानं शांतपणे सामानाचं तिकीट फाडलं. "मंग मागच्या शिटीवर ठेवा. इथी लोकायले पोहाले लावता काय?" चंद्रपूरच्या नळावर पोती पुन्हा भिजवली. असं काही नेत असाल तर ते विसरू नका.

रविवारी अख्खं गाव काठावर होतं. दोरी घरीच ठेवली. कमरेच्या पाण्यात बाबा उतरले, कारण कमळं त्यांनाच लावायची होती. मी घोट्याच्या पाण्यात. त्यानंतर महिनाभर मी रोज दोनदा जाऊन बघत होतो. पाणी चढलं, काही बुडालं. पाणी उतरलं, काही वाळलं. बाकीचं सरकत सरकत पसरलं. दिवाळीनंतर पहिलं कमळ उमललं, आणि सोसायटीच्या बैठकीत ठेकेदाराचा विषय कुणी काढलाच नाही. इतिवृत्त मी लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर अक्षर.

जुना तलाव परत आला असं मी म्हणणार नाही. त्याचा प्रत्येक कोपरा बाबांना डोळे मिटून ठाऊक होता. इथे अजून त्यांना काठी टाकून खोली बघावी लागते. पण या पावसाळ्यात वरोऱ्याकडचे चार जण दारात आले. त्यांचाही तलाव गेलेला, नवा मिळालेला, चौकोनी. हातात रिकामी पोती, आणि एकाकडे मोजपट्टी. त्यानं विचारलं, किती फुटांवर लावायचं?

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कमरेच्या पाण्यातून, कमळाचे कंद सोडवता सोडवता, बाबांनी हाक दिली.

"ते पट्टी ठेवा तिकडं, भाऊ. या, उतरा तलावात."